काचकड्याची पेने

सेल्युलॉईड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. त्यातले नायट्रोजनचे प्रमाण वाढवत नेले तर त्याची स्फोटक दारू होते. ते अकरा टक्क्यांच्या आसपास थांबवून वजनाच्या साधारण पाव हिश्शाइतका कापूर मळला, तर टणक, चिवट, हवा तो रंग घेणारा आणि उष्णतेने मऊ होणारा पदार्थ तयार होतो. इंग्लंडच्या अलेक्झांडर पार्क्सने १८६२ च्या लंडन प्रदर्शनात या जातीचा पदार्थ मांडला होता, पण धंदा त्याला जमला नाही. तो जमवला अमेरिकेच्या जॉन वेस्ली हायट आणि त्याचा भाऊ आयझाया यांनी. हस्तिदंत महाग झाल्यामुळे बिलियर्डच्या चेंडूसाठी पर्याय शोधता शोधता जॉनला १८७० च्या सुमारास कापराची युक्ती सापडली.

मराठी घरांत या पदार्थाने काचकडे या नावाने प्रवेश केला. काचकड्याची बाहुली, फणी, बांगडी, चष्म्याची कड ही त्याचीच रूपे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर उतरवला, तीही नायट्रोसेल्युलोजचीच. हा पदार्थ किती ज्वालाग्राही आहे याचा अनुभव पुण्याने घेतला आहे. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि फाळके-प्रभातच्या काळातल्या कित्येक जुन्या प्रती जळून गेल्या. त्याच कुळातला पदार्थ माणसे कित्येक वर्षे सदऱ्याच्या खिशाला लावून हिंडत होती.

सेल्युलॉईडच्या आधी फाउंटन पेने एबोनाइटची असत. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. त्याला शाई बाधत नाही आणि लेथवर ते उत्तम उतरते, पण रंगाच्या बाबतीत ते कंजूष. काळा, लाल किंवा दोहोंची भेसळ, एवढ्यावर त्याची मजल संपते. शिवाय उन्हात काळ्याचा तपकिरी होतो. विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षे कंपन्यांनी या काळ्या नळ्यांवर सोन्या-चांदीची जाळी चढवून वेळ निभावली.

मोठ्या कंपन्यांपैकी शेफरने १९२४ मध्ये सेल्युलॉईडचे पेन पहिल्यांदा धडाक्यात विकले. त्याचा रंग होता जेड, म्हणजे हिरव्या यशब रत्नासारखा. माल ड्यूपॉन्ट कंपनीचा होता, शेफरने त्याला रॅडाइट असे स्वतःचे नाव दिले. पार्करने १९२६ मध्ये आपले प्रसिद्ध ड्युओफोल्ड एबोनाइटवरून सेल्युलॉईडवर आणले आणि त्या पदार्थाला परमनाइट म्हटले. पुढच्या काही वर्षांत निळा लापिस आणि मँडरिन पिवळा आला. मँडरिन तेव्हा फारसा खपला नाही, म्हणूनच तो आज दुर्मीळ आहे. दुर्मीळपणाचे हे गणित संग्राहकांच्या जगात सर्वत्र लागू पडते. जे लोकांना आवडले ते मुबलक उरते आणि जे दुकानात पडून राहिले त्याला पुढे भाव येतो. वॉटरमन कंपनी एबोनाइटला चिकटून राहिली आणि १९२९ मध्ये पॅट्रिशियन हे मोठे पेन काढून रंगांच्या शर्यतीत उतरली. वॉल-एव्हरशार्पच्या १९३१ च्या डोरिक पेनांच्या रंगांची नावे काश्मीर, बर्मा, मोरोक्को, कॅथे अशी होती. त्या वेळी काश्मीर आणि बर्मा हे दोन्ही हिंदुस्थानातल्या ब्रिटिश साम्राज्याच्या नकाशात होते, हे जाहिरातवाल्यांच्या खिजगणतीतही नसावे.

हे रंग इतके खोल कसे दिसतात, याचे उत्तर बनवण्याच्या पद्धतीत आहे. मळलेला लगदा अल्कोहोलने मऊ करून तापलेल्या रुळांमधून वारंवार काढला जाई आणि त्याच वेळी रंग घातला जाई. वेगवेगळ्या रंगांचे पत्रे कापून, तुकडे करून, थरावर थर रचून ते दाबाखाली एकजीव करत. मग त्या ठोकळ्याचे काप काढत. मोत्याची झाक हवी असेल तर माशांच्या खवल्यांपासून काढलेला अर्क मिसळत. पत्रे आणि कांड्या तयार झाल्या तरी लगेच वापरता येत नसत. आतला अल्कोहोल पूर्ण निघून जाईपर्यंत त्या उबदार खोलीत ठेवाव्या लागत. पातळ पत्र्याला काही आठवडे पुरत, जाड कांडीला कित्येक महिने. घाई केली तर तयार पेन पुढे आकसते आणि टोपण बसेनासे होते. मग कांडी भोकून लेथवर उतरवायची, नाहीतर पत्रा दांड्याभोवती गुंडाळून त्याची कड अ‍ॅसिटोनने चिकटवायची. अशा गुंडाळलेल्या पेनाच्या अंगावर लांबीला एक केसासारखी बारीक रेघ सापडते, तिथे नक्षी जुळत नाही. भिंग घेतलेला संग्राहक आधी ती रेघ शोधतो.

या कारागिरीचा कळस म्हणजे १९३३ चे पार्कर व्हॅक्युमॅटिक. मोतिया आणि पारदर्शक पट्ट्यांचे थर एकाआड एक रचून त्याची कांडी केलेली असे. पेन उजेडासमोर धरले की पट्ट्यांच्या फटींतून आतली शाई दिसते. नळीवर कोरलेल्या अक्षरांच्या शेवटी एक बारीक आकडा असतो. तो कारखान्यातून पेन निघाल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. पुढच्या काळातल्या पेनांत आकड्याजवळचे ठिपके तिमाही सांगतात. वर्षानुवर्षे घासून हा ठसा पुसट झालेला असतो, म्हणून तो तिरक्या उजेडात, पेन हळूहळू फिरवत वाचावा लागतो. ठसा ठसठशीत असेल तर पेन फारसे वापरलेले नाही, आणि नळी चकचकीत असून ठसा गायब असेल तर कुणीतरी ते पॉलिशच्या चाकावर धरले आहे, असे खुशाल समजावे.

ही पेने हिंदुस्थानात आली ती मुख्यतः मुंबई आणि कोलकाता या दोन बंदरांतून. कोलकात्याची गोदी म्हणजे खिदिरपूर. हुगळीच्या काठचे हे उपनगर अठराव्या शतकापासून जहाजबांधणीसाठी ओळखले जाई. सध्याची बंदिस्त गोदी १८९२ मध्ये सुरू झाली आणि शहराचा बराच परदेशी व्यापार तिथून होऊ लागला. बंगाली वाचकाला खिदिरपूर आठवते ते कवींचे गाव म्हणून. मायकेल मधुसूदन दत्त, रंगलाल बंद्योपाध्याय आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय या तिघांचा संबंध या वस्तीशी आहे आणि इथल्या एका रस्त्याचे नावच कवितीर्थ सरणी आहे. मधुसूदन १८७३ मध्ये गेले. वॉटरमनचे पेटंट १८८४ चे. म्हणजे खिदिरपूरच्या या थोर कवीला वॉटरमनचे फाउंटन पेन पाहायला मिळाले नाही. त्याच्या पश्चात पुढे कधीतरी ती पेने त्याच्याच वस्तीतून शहरात जाऊ लागली.

पेनांच्या आधी सेल्युलॉईड बंगालमध्ये कंगव्यांतून आले. स्वदेशीच्या लाटेत जसोरचे मन्मथनाथ घोष जपानला जाऊन सेल्युलॉईडचे काम शिकून आले आणि त्यांनी जसोरला कंगव्यांचा कारखाना काढला. जसोरची फणी हा शब्दप्रयोग बंगालमध्ये पुढे कित्येक वर्षे चालला. कापूर पिकवणारे फोर्मोसा बेट, म्हणजे आजचे तैवान, तेव्हा जपानच्या ताब्यात होते आणि कापरावर जपानी सरकारची मक्तेदारी होती. त्यामुळे जपानला हा धंदा स्वस्त पडे. परदेशी कंगव्यावर बहिष्कार घालून परदेशी पत्र्याचा देशी कंगवा करायचा, असा तो मामला होता. पुढे पेनांच्या बाबतीत हेच झाले आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. कच्चा माल बाहेरचा, हात आपले, ही त्या काळच्या बहुतेक स्वदेशी उद्योगांची रीत होती.

पेनाच्या स्वदेशीची सुरुवातही बंगाली माणसानेच केली. राधिकानाथ साहा यांनी बनारसला लक्ष्मी स्टायलो पेन काढून पेटंटे घेतली. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांचे एबोनाइटचे पेन गांधीजींकडे पोहोचले आणि १९३५ मध्ये गांधीजींनी ते पसंत पडल्याचे वर्ध्याहून कळवले. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केली आणि त्यातून कॅम्लिन उभी राहिली. कोलकात्यात शाईचा झेंडा सुलेखाने रोवला. मैत्र बंधूंनी १९३४ मध्ये राजशाहीत सुरू केलेला हा उद्योग पुढे कोलकात्यात आला आणि जादवपूरच्या चौकाला आजही सुलेखा मोड म्हणतात. मुंबईच्या विल्सनसारख्या कारखान्यांनी आणि गल्लीबोळांतल्या असंख्य लेथवाल्यांनी त्या शाईला पेने पुरवली. त्यांतली बरीच पेने सेल्युलॉईडची होती. संगमरवरी हिरवी, जांभळट, मधाच्या रंगाची. कित्येकांवर निबेखेरीज कुठे नावही नाही.

दुसऱ्या महायुद्धात कोलकाता हा दोस्तराष्ट्रांचा मोठा तळ झाला. ५ डिसेंबर १९४३ रोजी जपानी विमानांनी भर दिवसा खिदिरपूर गोदीवर बाँब टाकले. शहरात अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांची गर्दी होती. सैनिक, खलाशी, कारकून, दलाल यांच्या हातांतून परदेशी वस्तू शहरभर फिरत होत्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि गोदीलगतच्या कार्ल मार्क्स सरणीवरच्या फॅन्सी मार्केटचे दिवस पालटले. परदेशी घड्याळ, अत्तर, रेडिओ, कॅमेरा हवा असेल तर खिदिरपूरला जायचे, हे कोलकात्याच्या मध्यमवर्गाला पाठ होते. माल कुठून आला हे विचारायचे नाही, एवढाच नियम. १९९१ नंतर परदेशी माल राजरोस मिळू लागला आणि बाजाराची ती मिजास उतरली. आज तिथे कपडे, सौंदर्यप्रसाधने आणि मोबाइलचे सामान दिसते. जुने सेल्युलॉईडचे पेन तिथे मांडून ठेवलेले सापडेल, अशा आशेने जाणाऱ्याने जाऊ नये. मात्र त्या वस्तीतल्या आणि आसपासच्या जुन्या घरांच्या कपाटांत ते असू शकते, आणि संग्राहकाचा खरा शोध तिथेच असतो.

सेल्युलॉईड मागे पडले त्याची कारणे साधी आहेत. ते पेटते, त्यामुळे ते वितळवून साच्यात भरणे धोक्याचे. प्रत्येक नग लेथवर उतरवावा किंवा पत्र्यातून गुंडाळावा लागतो. दुसरीकडे साच्यातल्या प्लॅस्टिकच्या मिनिटाला कित्येक नळ्या निघतात. पार्करने १९४१ मध्ये ‘५१’ काढले ते ल्युसाइटचे, कारण त्याच्यासाठी बनवलेली झटपट सुकणारी क्षारधर्मी शाई सेल्युलॉईडला खाऊन टाकत असे. १९५० च्या दशकाअखेर मोठ्या कंपन्यांनी सेल्युलॉईड जवळजवळ सोडले. इटलीत आणि जपानमध्ये ते हौसेपोटी टिकले. बोलोन्याची ओमास कंपनी तपकिरी कमानींच्या नक्षीचे आर्को सेल्युलॉईड वापरत असे. १९२५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २०१६ मध्ये बंद पडली, आणि तिच्याकडे उरलेल्या कांड्या जगभरच्या कारागिरांनी उचलल्या. आज कुणी जुन्या कांडीचे नवे पेन विकतो, तेव्हा तो अशाच कुठल्यातरी साठ्यातून माल काढत असतो. नवा माल मागवणे सोपे नाही. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत सेल्युलॉईडच्या कांड्या आणि पत्रे ज्वालाग्राही घन पदार्थांत मोडतात, आणि त्याचा भुसा तर आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. लेथवर सेल्युलॉईड उतरवणारा कारागीर भुसा साचू देत नाही, तो याच भीतीने.

पेन खरोखर सेल्युलॉईडचे आहे का, हे नाकाने ओळखता येते. सुती फडक्याने नळी जोरात घासायची आणि लगेच हुंगायची. आरतीच्या तबकातला वास आला तर सेल्युलॉईड, गंधकाचा आला तर एबोनाइट, दुधाचा करपट वास आला तर केसिन. केसिन हे दुधातल्या प्रथिनापासून केलेले प्लॅस्टिक. कॉनवे स्टुअर्टसारख्या ब्रिटिश कंपन्या ते वापरत. ते पाण्यात फुगते, म्हणून ही चाचणी केल्याशिवाय जुने पेन भिजत घालू नये. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला जुने लोक देतात. तो ऐकू नये.

दोषांपैकी सर्वांत सामान्य दोष रंगाचा. जेड रंगाचे एखादे जुने पेन हातात घेतले तर टोपण अजून कोवळ्या हिरव्या रंगाचे आणि नळी मात्र चिंचेच्या कोळासारखी दिसते. याचे कारण आतली रबरी पिशवी. रबरातून सुटणारा गंधकाचा वायू आतून सेल्युलॉईडला काळवंडतो. टोपणात पिशवी नसते, म्हणून ते वाचते. हा रंग परत येत नाही, कितीही घासा. दुरुस्ती करणाऱ्याने जुन्या रबराऐवजी सिलिकॉनची पिशवी बसवली तर पुढची हानी थांबते. दोन्ही भागांचा रंग सारखा असलेले जेड म्हणूनच महाग.

दुसरा दोष मोठा आणि जिवावरचा. सेल्युलॉईड हळूहळू विघटते, त्यातून नायट्रोजनची आम्ले सुटतात आणि तीच आम्ले विघटनाचा वेग वाढवतात. आधी आंबट, झणझणीत वास येतो. मग जवळच्या पितळी कड्यांवर हिरवा गंज चढतो. मग आत चौकोनी भेगांचे जाळे दिसते, आणि शेवटी पेन बोटांत चुरा होते. पारदर्शक आणि फिकट मोतिया पेने आधी जातात. अपारदर्शक पांढरट रंगात झिंक ऑक्साइड असते, ते आम्ल शोषते, म्हणून ती पेने जास्त तगतात. या आजाराची लागण होते. हवाबंद पेटीत एक पेन बिघडले तर त्याची वाफ शेजारच्या चांगल्या पेनांनाही लागते.

म्हणून मखमली अस्तराच्या घट्ट झाकणाच्या पेटीचा मोह सोडावा. कोलकात्याच्या पावसाळ्यात दमटपणा आणि उष्णता दोन्ही असतात आणि दोन्ही सेल्युलॉईडच्या जिवावर उठतात. मुंबई-कोकणची गत वेगळी नाही. पेने मोकळ्या हवेच्या, पण उन्हापासून दूर असलेल्या कपाटात, एकमेकांना न भिडता ठेवावीत. एबोनाइटची पेने वेगळ्या खणात ठेवावीत, कारण त्यांच्यातही गंधक आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि रबरबँडने बांधून तर मुळीच ठेवू नयेत. धुवायला कोमट पाणी बास. स्पिरिट, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश काढायचे द्रव यांतले काही लागले तर पेन विरघळलेच समजा. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक पेन नाकाशी न्यावे. कापराचा वास म्हणजे ठीक आहे. आंबट वास आला तर ते पेन त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळे काढावे.

पेने मिळवायच्या जागा कोलकात्यात आहेत. रसेल स्ट्रीटवर रसेल एक्स्चेंजमध्ये जुन्या घरांच्या सामानाचा लिलाव अजून होतो. एस्प्लनेडजवळच्या प्रसिद्ध पेन हॉस्पिटलमध्ये निबा सरळ करून मिळतात, जिभा साफ होतात, पिशव्या बदलतात. अशा दुरुस्तीच्या दुकानांत मोडक्या पेनांचे डबे असतात आणि जाणता माणूस चकचकीत काउंटर सोडून आधी तिकडे वळतो. हल्ली शहरांत पेनांचे मेळे भरतात. तिथे भाव अमेरिकी बाजार पाहून सांगितले जातात, मग माल कसाही असो. सोन्याच्या निबेची आणि अखंड नळीची पार्कर-शेफर पेने जगभर मुबलक आहेत, त्यांच्यासाठी घाई करण्याचे कारण नाही. मागणारा कुणी नाही म्हणून भंगारात जातात ती १९४० ते १९६० दरम्यानची देशी, बिनानावाची सेल्युलॉईडची पेने. त्यांच्या कारागिरांची नोंद नाही, कारखान्यांचे कागद नाहीत, रंगांची यादीही नाही. अमेरिकेतल्या एका रंगाच्या एका वर्षावर तिथे पुस्तके निघतात आणि आपल्या लेथवाल्यांच्या कामाचा साधा फोटोही कुठे लावलेला नसतो. संग्रहाची खरी गरज आहे ती इथे.

तेव्हा आजोबांच्या पेटीत, शिक्षकाच्या जुन्या टेबलाच्या खणात, एलआयसीच्या पॉलिसीबरोबर ठेवलेले मधाच्या रंगाचे एखादे पेन सापडले, तर ते पॉलिश करू नका आणि मोलकरणीच्या मुलाला खेळायला देऊ नका. आधी ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा. निबेवर आणि नळीवर काय कोरले आहे ते उतरवून घ्या, फोटो काढा, आणि ते कुणाचे, कुठून घेतलेले, हे सांगणारे घरात कुणी उरले असेल तर त्यांना आजच विचारा.